सस्पेन्शनच्या महागड्या असेंब्लीला रास्त पर्याय कसा शोधावा

आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी खड्ड्यांतून खडखडू लागली म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली, की हाती येणाऱ्या अंदाजपत्रकात बहुधा ठरावीक नोंदी असतात: लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा हात) असेंब्ली डावी व उजवी, स्ट्रट असेंब्ली दोन, माउंटिंग दोन, लिंक रॉड दोन, मजुरी आणि शेवटी व्हील अलाइनमेंट. यातली प्रत्येक ओळ खोटी असते असे मुळीच नाही. मात्र जिथे ‘असेंब्ली’ असे लिहिलेले असते, तिथे प्रत्यक्षात झिजलेला ऐवज अनेकदा मूठभर रबराचा असतो आणि त्याच्याभोवतीचे लोखंड आणखी दहा वर्षे टिकण्याच्या स्थितीत असते. त्यामुळे पर्याय शोधायचा म्हणजे बाजारातला सर्वांत स्वस्त ब्रँड शोधायचा, हा समज सुरुवातीलाच बाजूला ठेवावा. खरी बचत आधी अचूक निदानात होते, मग असेंब्लीऐवजी सुटा भाग घेण्यात आणि त्यानंतर तोच भाग त्याच्या मूळ उत्पादकाच्या डब्यातून घेण्यात. स्वस्त ब्रँडचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो, आणि तो विचार काही मोजक्या भागांपुरताच करावा.

उदाहरणासाठी फोक्सवॅगन पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड ही चाकणच्या कारखान्यात तयार झालेली भावंडे घेतली आहेत. पोलोचे तिथले उत्पादन २००९च्या अखेरीस सुरू झाले आणि २०२२मध्ये भारतातली तिची विक्री थांबली. रस्त्यावर या गाड्या अजून भरपूर आहेत, त्यांचे सुटे भाग महाग म्हणून प्रसिद्ध आहेत आणि तिन्हींचा सांगाडा मुळात एकच असल्यामुळे पर्यायही मुबलक आहेत. मारुती, ह्युंदाई किंवा टाटाच्या गाडीलाही हीच पद्धत लागू पडते; फरक पडतो तो क्रमांकांत आणि नावांत.

आधी आवाजाचा माग काढा

निदान घाईने केले तर पुढची सगळी काटकसर फुकट जाते, म्हणून या टप्प्यावर थोडा जास्त वेळ घालवावा. पहिली चाचणी रस्त्यावरच करता येते. पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावरून दोन्ही चाके एकदम नेली तर आवाज येत नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेले की ‘खट्खट्’ ऐकू येते, अशा वेळी संशय लिंक रॉडवर घ्यावा. कारण लिंक रॉड चाकाकडची बाजू स्टॅबिलायझर बारशी, म्हणजे वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या आडव्या दांडीशी, जोडते; दोन्ही चाके सारखी उचलली जातात तेव्हा त्या बारला पीळ बसत नाही आणि लिंकवर जोरही येत नाही. उलट दोन्ही प्रसंगी जड, खोल धक्का जाणवत असेल तर शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास जंपर म्हणतात तो, किंवा त्याच्यावरचे माउंटिंग तपासावे. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवले आणि बॉनेटखालून ताणलेली तार सुटल्यासारखा आवाज आला, तर माउंटिंगमधली बेअरिंग अडकत असण्याची शक्यता मोठी असते. ब्रेक दाबताना किंवा पहिल्या गिअरमध्ये गाडी निघताना पुढून एकच ‘धप्’ ऐकू येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश (आर्म सांगाड्याला जोडतो तिथला रबरी सांधा) पाहावा, कारण चाकाला पुढेमागे सरकण्यापासून रोखण्याचे काम मुख्यतः तोच करतो.

दुसरी चाचणी गॅरेजमध्ये होते आणि ती स्वतः शेजारी उभे राहून पाहावी. चाक जमिनीपासून उचलून वरून-खालून धरून हलवले असता खेळ जाणवला तर बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) किंवा व्हील बेअरिंग, आणि डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा), असा ढोबळ नियम आहे. मिस्त्रीने आर्म आणि फ्रेम यांच्यामध्ये पहार घालून बुशवर जोर दिला की रबर किती उघडते ते नजरेनेच कळते. रबराच्या पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा दिसणे वयोमानाचे लक्षण आहे आणि तेवढ्यावरून बुश बदलण्याची गरज नसते. रबर धातूच्या नळीपासून सुटलेले असेल किंवा आरपार फाटलेले असेल तर मात्र तो भाग संपला असे समजावे. लिंक रॉड मात्र एकच चाक जॅकवर चढवून तपासू नये, कारण तेव्हा बारला पीळ बसून लिंक ताणलेली असते आणि ढिला सांधाही घट्ट वाटतो. दोन्ही चाके सारख्या उंचीवर असताना ती हाताने हलवून पाहावी.

शॉकॲब्सॉर्बरच्या बाबतीत ‘तेल आले आहे’ हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. दांड्याच्या सीलजवळ तेलाचा पातळ ओलावा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसणे नेहमीचे आहे. तेल नळीवरून ओघळून खालपर्यंत आले असेल, टायरची झीज लहरींसारखी चढउताराची होत असेल किंवा गतिरोधकानंतर गाडी एकाहून अधिक वेळा डोलत असेल, तर बदल करणे योग्य ठरते. शॉकॲब्सॉर्बर बदलायचेच झाले तर एका आसावरचे दोन्ही एकदम बदलावेत. पुढचे गेले म्हणून मागचेही बदलावेत असा मात्र काही नियम नाही.

असेंब्ली मोडून वाचा

निदान हाती आल्यावर अंदाजपत्रकातल्या प्रत्येक असेंब्लीपुढे एकच प्रश्न लिहावा: यातला कोणता तुकडा वेगळा मिळतो? पोलो-रॅपिडमध्ये बॉल जॉइंट आर्मला नट-बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे तो खराब झाला म्हणून संपूर्ण आर्म बदलण्याचे कारण नसते. आर्मचे बुशही बाजारात स्वतंत्रपणे मिळतात. स्ट्रट असेंब्ली म्हणजे शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंग, माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (मोठा धक्का झेलणारा ठोकळा) आणि धूळ अडवणारे रबरी बूट यांचा एकत्र संच. त्यातली स्प्रिंग तुटलेली किंवा बसलेली नसेल तर ती परत वापरता येते. बंप स्टॉप आणि बूट हे दोन स्वस्त भाग मात्र वाचवू नयेत, कारण जुना बूट फाटलेला राहिला तर धूळ थेट नव्या दांड्याच्या सीलपर्यंत पोहोचते आणि महागड्या भागाचे आयुष्य निम्म्यावर येते.

काही गाड्यांत बॉल जॉइंट आर्ममध्येच दाबून किंवा रिव्हेट करून बसवलेला असतो आणि कंपनी तो वेगळा विकत नाही. अशा ठिकाणी गरम करून, ठोकून आणि वेल्डिंगचे टाके मारून नवा जॉइंट बसवून देणारे कारागीर भेटतात, पण हा मार्ग टाळावा. तिथे चांगल्या उत्पादकाचा पूर्ण आर्म घेणेच शहाणपणाचे आहे, आणि मजुरी धरून हिशेब केला तर तो फारसा महागही पडत नाही. बुशच्या बाबतीतही हा हिशेब करावा लागतो: हायड्रॉलिक प्रेसची मजुरी आणि दोन बुश यांची बेरीज नव्या आर्मच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर बुश वेगळे घेण्याचा अट्टहास धरू नये.

क्रमांक हाच खरा पत्ता

दुकानात जाऊन ‘पोलोचा लोअर आर्म द्या’ असे म्हणणारा ग्राहक दुकानदाराच्या अंदाजावर अवलंबून राहतो. भागाचा क्रमांक घेऊन जाणाऱ्याला तुलना करता येते, म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावरचा सतरा अक्षरांचा चासी क्रमांक देऊन सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर काउंटरवरून क्रमांक आणि भाव दोन्ही मागून घ्यावेत. अंदाजपत्रकावरही क्रमांक बहुधा छापलेला असतो.

फोक्सवॅगन समूहाचे क्रमांक वाचायला शिकणे कठीण नाही. पहिली तीन अक्षरे तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी तयार झाला हे सांगतात. त्यामुळे आपल्या पोलोतल्या भागावर ‘६आर०’ (6R0) ऐवजी ‘६क्यू०’ (6Q0) दिसले तर घाबरू नये, तो आधीच्या पिढीच्या पोलोकडून पुढे चालत आलेला भाग असतो. मधल्या तीन अंकांत ४ने सुरू होणारा गट पुढच्या आसाचा आणि ५ने सुरू होणारा मागच्या आसाचा: ४०७मध्ये आर्म आणि बॉल जॉइंट, ४११मध्ये स्टॅबिलायझर आणि लिंक, ४१३मध्ये पुढचे शॉकॲब्सॉर्बर, ५१३मध्ये मागचे. डाव्या-उजव्याची जोडी असेल तर विषम अंक डावीकडचा आणि सम अंक उजवीकडचा असतो. मारुतीत हे उलटे आहे. तिथे लोअर आर्मचा ४५२०१ने सुरू होणारा क्रमांक उजव्या बाजूचा आणि ४५२०२ने सुरू होणारा डाव्या बाजूचा. फोक्सवॅगनच्या क्रमांकात शेवटी येणारे अक्षर सुधारित आवृत्ती दाखवते, आणि जुन्या क्रमांकाची जागा नव्याने घेतली असेल तर काउंटरवरचा माणूस ते संगणकात पाहून सांगू शकतो.

स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर घेताना मात्र मॉडेलचे नाव पुरत नाही. डिझेल इंजिन जड असल्यामुळे त्याच गाडीच्या पेट्रोल आवृत्तीपेक्षा पुढची स्प्रिंग वेगळी असते. या समूहाच्या गाड्यांत डिकीतल्या स्टेपनीच्या खाचेत आणि सर्व्हिस पुस्तिकेत एक कागदी पट्टी चिकटवलेली असते, आणि तिच्यावरच्या सांकेतिक अक्षरांत सस्पेन्शनचा प्रकार नोंदलेला असतो. तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवावा. तो दुकानदाराच्या आठवणीपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.

क्रमांक कळला की भावंड गाड्यांचाही शोध घेता येतो. मारुती बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा, रेनो डस्टर आणि निसान टेरानो, निसान मायक्रा आणि रेनो पल्स या जोड्यांत सस्पेन्शनचे अनेक भाग समान आहेत, पण डब्यावरचा शिक्का बदलला की किंमतही बदलू शकते. ज्या ब्रँडचे जाळे मोठे आणि भाव कमी, त्याच्या काउंटरवर आधी विचारावे.

डबा कोणाचा, भाग कोणाचा

गाडीची कंपनी शॉकॲब्सॉर्बर, बुश आणि बॉल जॉइंट सहसा स्वतः तयार करत नाही. ते पुरवठादाराकडून येतात आणि त्यांवर शिक्का गाडीच्या कंपनीचा बसतो. तोच पुरवठादार खुल्या बाजारात स्वतःच्या नावाने भाग विकत असेल तर आपल्याला हवा तो पर्याय हाच. अशा भागावर गाडीच्या कंपनीचे बोधचिन्ह होते ती जागा घासून टाकलेली कित्येकदा दिसते. नवखा ग्राहक ते पाहून माल बनावट आहे असे समजतो, पण बोधचिन्ह घासलेले आणि उत्पादकाचे नाव, साच्यातले अंक व तारीख शाबूत असणे ही मूळ साच्यातून निघालेला भाग दुसऱ्या डब्यात आल्याची खूण असू शकते. जुना भाग काढल्यावर तो ब्रशने स्वच्छ करून त्याच्यावर कोणाचे नाव कोरले आहे हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. पर्यायाचा सर्वांत नेमका पुरावा तिथेच मिळतो.

नावांचा थोडा परिचय असलेला बरा. साक्स, लेमफर्डर आणि टीआरडब्ल्यू हे तिन्ही ब्रँड झेडएफ या जर्मन कंपनीचे आहेत. पहिला शॉकॲब्सॉर्बरसाठी आणि उरलेले दोन आर्म, लिंक, बॉल जॉइंट यांसाठी ओळखले जातात. केवायबी जपानी आहे, मन्रो अमेरिकेतल्या टेनेकोचा. गॅब्रिएल इंडिया ही आनंद समूहातली, १९६१पासूनची कंपनी. चाकण आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत आणि अनेक भारतीय गाड्यांना ती थेट पुरवठा करते. मारुतीच्या जुन्या मॉडेलवर मुंजाल शोवाचे शॉकॲब्सॉर्बर आढळतात, तर स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या सांध्यांसाठी राणे हे नाव देशभर चालते. फेबी बिलस्टाइन आणि बिलस्टाइन या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, दोन्हींचे मूळ जर्मनीतल्या एनेपेटाल या एकाच गावचे असले तरी. ‘बिलस्टाइनचा माल’ म्हणून चढा भाव सांगितला गेला तर नेमकी कोणती ते विचारावे.

मूळ पुरवठादाराचा भाग प्रत्येक वेळी खुल्या बाजारात मिळतोच असे नाही, आणि त्यामागे कारण आहे. गाड्यांच्या कंपन्या पुरवठादारांवर करारातून बंधने घालतात, सुटे भाग स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नाहीत आणि बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द होण्याची भीती घालतात, असा निष्कर्ष काढून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये चौदा कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्या आदेशावर पुढे अपिले झाली. ग्राहकाच्या दृष्टीने त्यातला कामाचा धडा असा, की काउंटरवरची किंमत ही भागाच्या उत्पादनखर्चाची निदर्शक नसते. असे असले तरी वॉरंटीत असलेल्या गाडीचे सस्पेन्शन बाहेर उघडण्यात काहीच हशील नाही. ते काम आधी वॉरंटीत मागावे.

बाजारात उतरताना

पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाउस परिसर सुट्या भागांसाठी जुने बाजार आहेत, तर कुर्ल्याचा सीएसटी रोड वापरलेल्या मालासाठी. लहान शहरांतला ग्राहक क्रमांक टाकून ऑनलाइन शोध घेऊ शकतो आणि एकाच क्रमांकासमोर मूळ कंपनीचे व पर्यायी ब्रँडचे भाव शेजारीशेजारी पाहू शकतो. निदान घासाघीस करण्याइतकी माहिती तरी हाती येते. दुकानात मात्र ‘ओरिजिनल’ या शब्दावर थांबू नये. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, मूळ पुरवठादाराच्या डब्यातला, की ‘ओरिजिनलसारखा’, हे स्पष्ट विचारून बिलावर ब्रँड आणि क्रमांक लिहून घ्यावा.

किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणे वैधमापनाच्या (वजन-मापांच्या) नियमांनुसार बंधनकारक आहे. यातले काहीच नसलेला डबा कितीही चकचकीत असला तरी परत करावा. रबरी भागांच्या बाबतीत तारखेला दुहेरी महत्त्व आहे, कारण सहा-सात वर्षे फडताळात पडलेला बुश नवा असूनही म्हातारा असतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. जुन्या छापील किमतीचा साठा समोर आला तर बिलात कोणता दर लावला आहे ते पाहावे.

कुठे हात आखडावा, कुठे नाही

सगळ्या भागांना एकच मापदंड लावणे चुकीचे आहे. लिंक रॉड तुटली तर गाडी वळणावर जास्त कलते आणि आवाज करते, पण चाक जागेवर राहते. म्हणून तिथे मध्यम किमतीचा, नाव असलेला ब्रँड पुरेसा आहे. स्टॅबिलायझर बारचे बुश, बंप स्टॉप आणि बूट यांनाही हेच लागू. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड निखळला तर चाकावरचा ताबाच जातो, आणि तिथे अनोळखी ब्रँड कोणत्याही भावाला घेऊ नये. शॉकॲब्सॉर्बर या दोन टोकांच्या मध्ये येतात: चांगल्या उत्पादकाचा खुल्या बाजारातला भाग निःसंकोच घ्यावा, पण जुनी नळी कापून, तेल भरून, वेल्डिंग आणि रंग करून दिलेला ‘रिकंडिशन’ माल घेऊ नये. आतल्या व्हॉल्व्हची झीज तेल भरून जात नाही, आणि डावा-उजवा सारखे काम करतील याची हमी कोणी देऊ शकत नाही.

वापरलेल्या मालातून नकल (चाक ज्यावर बसते तो धातूचा भाग), सबफ्रेम (सस्पेन्शन ज्याला जोडतात ती चौकट) यांसारखे निव्वळ धातूचे भाग घेता येतात, मात्र अपघातग्रस्त गाडीच्या ज्या बाजूला मार बसला त्या बाजूचे नव्हेत. वापरलेले रबर आणि वापरलेला बॉल जॉइंट घेण्यात काहीच अर्थ नाही. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ म्हणून सुचवले जातात आणि ते टिकतातही. पण ते कडक असल्यामुळे रस्त्याचा खरखराट आत येतो आणि ग्रीस संपली की ते कुरकुरतात. रोजच्या कौटुंबिक गाडीसाठी साधे रबरच बरे, असे माझे मत आहे.

बसवताना बिघडू नये म्हणून

चांगला बुश अल्पायुषी ठरण्याचे नेहमीचे कारण त्याच्या दर्जात नसून बोल्ट आवळण्याच्या पद्धतीत असते. बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते आणि ते फिरत नाही, फक्त पिळले जाते. गाडी लिफ्टवर असताना, चाके खाली लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर गाडी जमिनीवर येताच ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि थोड्याच महिन्यांत फाटते. म्हणून बोल्ट आधी हातापुरता लावून, गाडीचे वजन चाकांवर आल्यावर किंवा आर्म जॅकने त्याच उंचीपर्यंत उचलल्यावरच शेवटचा आवळ द्यावा. ही एक गोष्ट मिस्त्रीला आधीच सांगून ठेवावी आणि प्रत्यक्ष समोर करून घ्यावी.

मोकळ्या खाचा असलेल्या बुशला दिशा असते. जुना काढण्यापूर्वी खाचेची जागा आर्मवर खडूने खुणावी. बुश हातोड्याने न ठोकता प्रेसवर बसवावा आणि गरज पडल्यास साबणाचे पाणी वापरावे, इंजिन ऑइल नव्हे. नायलॉनचे कडे असलेले सेल्फ-लॉकिंग (आपोआप सैल न होणारे) नट आणि एकदाच वापरायचे बोल्ट नवे घ्यावेत. त्यांची किंमत किरकोळ असते, पण अंदाजपत्रकातून कापताना लोक आधी तेच कापतात. स्ट्रट उघडण्याचे काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच करावे, कारण दोरी किंवा तार बांधून दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून त्याचा छापील अहवाल घ्यावा, काढलेले जुने भाग ताब्यात घ्यावेत आणि बिल, वॉरंटीचे कार्ड व भागांचे क्रमांक एका पाकिटात ठेवावेत. काही शे किलोमीटर चालवल्यानंतर सर्व बोल्टचा आवळ पुन्हा तपासून घ्यावा, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटलेली नाही ना, एवढे खाली वाकून पाहावे.